गोळीचे नाव आणि गोळीचा गुण

गेल्या पावसाळ्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात अर्धांगवायूचा एक रुग्ण आला. वय ५८, व्यवसाय रिक्षाचालक. उजवा हात-पाय लुळा, बोलणे अडखळत, रक्तदाब २१०/१२०. बीपीचा त्रास सहा वर्षांपासूनचा आणि नाव आमच्याच ओपीडीत. ‘गोळ्या चालू होत्या का?’ असे विचारल्यावर त्यांच्या पत्नीने कापडी पिशवी पलंगावर रिकामी केली. आतून रुग्णालयाने मोफत दिलेल्या अ‍ॅम्लोडिपिनच्या अकरा स्ट्रिप निघाल्या. एकाही गोळीला हात लावलेला नव्हता. सोबत बाहेरच्या मेडिकलमधून आणलेल्या एका नामांकित कंपनीच्या गोळीची रिकामी स्ट्रिप. तिच्यातही अ‍ॅम्लोडिपिनच, तेवढ्याच ताकदीचे. ती संपून सतरा दिवस झाले होते.

‘सरकारी गोळीला गुण नाही म्हणायचे, साहेब. चांगल्या कंपनीचीच आणायचे. या महिन्यात पोरीची फी भरली, म्हणून राहिलं.’

त्या बाईंना काय बोलावे ते मला सुचले नाही. औषध घरात होते, पुरेसे होते, फुकट होते. फक्त त्यावर विश्वास नव्हता.

हा अविश्वास औषधापुरता नाही. मॉलमध्ये एकाच फळीवर दोन पाकिटे असतात. एक जाहिरातीतल्या कंपनीचे, दुसरे दुकानाच्या स्वतःच्या लेबलचे. रवा तोच, साखर तीच, किंमत मात्र वेगळी. हात पुढे जातो आणि मनात शंका येते, ‘स्वस्त का असेल?’ पाहुणे येणार असतील तर आपण हमखास नावाचे पाकीट उचलतो. ‘स्वस्त ते मस्त’ असे आपण गमतीने म्हणतो खरे, पण घरातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आला की ‘महाग ते चांगले’ हाच हिशेब चालतो. मग मुद्दा असा की, हा हिशेब कुठे बरोबर आहे आणि कुठे चुकीचा?

जाणकार काय विकत घेतात?

अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी याचे उत्तर शोधण्यासाठी एक साधी युक्ती केली. त्यांनी हजारो कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या आणि त्या घरातील माणसाचा पेशा काय हे पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, डोकेदुखीची गोळी घेताना सामान्य ग्राहक सुमारे २६ टक्के वेळा मोठ्या ब्रँडची घेतो. औषधनिर्माते, म्हणजे फार्मासिस्ट, मात्र केवळ ९ टक्के वेळा. बाकी वेळा ते दुकानाच्या स्वतःच्या लेबलची स्वस्त गोळी उचलतात. स्वयंपाक हाच ज्यांचा धंदा, ते शेफ मीठ, साखर, खाण्याचा सोडा यांच्याबाबत तसेच वागतात. आत काय आहे हे ज्याला कळते, तो वरच्या नावासाठी जास्त पैसे मोजत नाही.

हे वाचल्यावर मी माझ्याच घरातला औषधांचा डबा उघडला. मलाही बीपी आहे. तीस वर्षे सरकारी ओपीडीत रुग्णांना ‘ही गोळी चांगली आहे, घ्या’ असे सांगणाऱ्या माझ्या डब्यात एका मोठ्या कंपनीचे टेल्मिसार्टन होते. तेच का, याला माझ्याकडे सवयीपलीकडे उत्तर नव्हते. कंपनीचा प्रतिनिधी येतो, नाव कानावर पडत राहते, हात तेच लिहितो. रुग्णाच्या अविश्वासाबद्दल बोलण्याआधी आम्हा डॉक्टरांचा हा अविश्वास कबूल केला पाहिजे. रुग्ण तो आमच्याकडूनच शिकतो.

जेनेरिक म्हणजे नेमके काय?

नवे औषध शोधणाऱ्या कंपनीला त्यावर पेटंट मिळते. साधारण वीस वर्षांनी ते संपले की इतर कंपन्याही तेच औषध बनवू शकतात. असे औषध म्हणजे जेनेरिक. अमेरिकेत लिहिल्या जाणाऱ्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ जेनेरिक असतात. तेथे ते मूळ रासायनिक नावाने विकले जाते, म्हणून ‘ब्रँड’ आणि ‘जेनेरिक’ हा फरक स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे गोंधळ वेगळाच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले आणि भारतीय कंपन्यांना जगातले कोणतेही औषध स्वतःच्या पद्धतीने बनवता येऊ लागले. (रेणूवरचे पेटंट २००५ मध्ये परत आले.) त्या धोरणातूनच देशाचा औषध उद्योग उभा राहिला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचाराचे दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. आफ्रिकेतील असंख्य रुग्ण जगले ते या जेनेरिक औषधांवर.

पण देशांतर्गत बाजारात याच कंपन्यांनी आपापल्या जेनेरिकला आकर्षक नावे दिली. त्यामुळे आपण ज्याला अभिमानाने ‘ब्रँडेड’ म्हणतो, ते बहुतेक वेळा जेनेरिकच असते. शोध दुसऱ्याचा, नाव याचे. म्हणजे आपल्या मेडिकलमधली लढाई अस्सल विरुद्ध नक्कल अशी नसून नाव असलेले जेनेरिक विरुद्ध नाव नसलेले जेनेरिक अशी आहे.

घरातली एखादी स्ट्रिप उलटी करून पाहा. मागे बारीक अक्षरात दोन ओळी असतात. एक ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’, दुसरी ‘मार्केटेड बाय’. कित्येकदा ही दोन नावे वेगळी असतात. गोळी हिमाचलमधल्या बद्दीला किंवा सिक्कीममध्ये कोणा तिसऱ्याच कारखान्यात तयार झालेली असते आणि मोठी कंपनी ती आपल्या नावाने विकते. त्याच कारखान्यातून दुसऱ्या वेष्टनात, दुसऱ्या किमतीला तेच औषध बाहेर पडू शकते. मॉलच्या स्वतःच्या लेबलचा मालही अनेकदा असाच कोणा मोठ्या उत्पादकाकडून बनवून घेतलेला असतो.

किमतीत एवढा फरक का?

स्वस्त आहे म्हणजे आत काहीतरी कमी घातले असेल, ही शंका स्वाभाविक आहे. पण बहुतेक जुन्या औषधांत मूळ रसायनाचा खर्च किमतीचा लहानसा भाग असतो. बाकी पैसा प्रतिनिधींचे पगार, जाहिरात, डॉक्टरांच्या परिषदा, वितरकांचा नफा यांवर जातो. स्पर्धा आली की किंमत किती उतरते, हे मधुमेहाच्या दोन औषधांनी अलीकडेच दाखवले. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपले आणि जनऔषधी केंद्रात त्याच्या ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. तेव्हा मोठ्या ब्रँडच्या दहा गोळ्यांना १६० ते २५८ रुपये पडत. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि ६० रुपयांच्या आसपासची एक गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. रसायन एका रात्रीत बदलले नव्हते.

आजारी माणसाला हा फरक किती महत्त्वाचा? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. त्यातला मोठा वाटा औषधांचा असतो. आणि बीपी, शुगर, थायरॉइड यांची औषधे महिनाभराची नसतात, ती आयुष्यभराची असतात. महिन्याला चारशे रुपये वाचणे म्हणजे महिना अखेरीस गोळी न चुकणे.

भीती अगदीच खोटी नाही

तरीही ‘सगळी स्वस्त औषधे उत्तम आहेत, डोळे झाकून घ्या’ असे मी सांगणार नाही. ते खरे नाही.

गोळीत औषध किती आहे, एवढ्यावर गुण ठरत नाही. ते पोटात वेळेवर विरघळून रक्तात किती उतरते, हेही पाहावे लागते. या चाचणीला जैवसमतुल्यता म्हणतात. मूळ औषध आणि जेनेरिक यांची रक्तातील पातळी मोजून त्यांच्या गुणोत्तराची संख्याशास्त्रीय मर्यादा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत असावी लागते. ‘जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालते’ असा याचा चुकीचा अर्थ सर्रास सांगितला जातो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील दोन हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मूळ औषध आणि जेनेरिक यांच्यातील सरासरी फरक सुमारे चार टक्के निघाला.

आपल्याकडे मात्र सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. त्याआधी परवाना मिळालेल्या अनेक उत्पादनांची ती झालेलीच नाही, मग ती नावाची असोत की बिननावाची. कारखान्यांचा दर्जा ठरवणारे ‘शेड्यूल एम’चे नियम कडक करण्यात आले, पण छोट्या उद्योगांना त्यासाठी मुदतवाढ द्यावी लागली. देखरेख राज्याराज्यांत विभागलेली आणि निरीक्षक अपुरे.

सरकारी पुरवठ्यालाही डाग आहेत. राज्यातील सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे नागपूर ग्रामीण पोलिसांच्या २०२४ मधील आरोपपत्रात म्हटले आहे. अशी बातमी वाचलेला रुग्ण माझ्या हातातल्या गोळीकडे संशयाने पाहत असेल, तर त्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार मला नाही.

पण नाव म्हणजे दर्जाची हमी, हेही तितकेच चूक. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या ज्या सिरपने वीसहून अधिक लहान मुले दगावली, त्या बाटलीवर ब्रँडनाव छापलेले होते. आत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. त्यातील काही मुलांवर नागपुरात उपचार झाले होते. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या ऑगस्ट २०२४ च्या अप्रमाणित औषधांच्या यादीत काही अतिशय खपाच्या ब्रँडच्या बॅचेस आढळल्या. त्या बॅचेस आमच्या नव्हेत, कोणीतरी बनावट केल्या आहेत, असा खुलासा कंपन्यांनी केला. तो खरा मानला तरी त्यातून एक गोष्ट दिसते. खोटी नोट पाचशेची छापतात, पाच रुपयांची नाही. नकली माल बनवणारा खपाच्या, महागड्या नावाचीच नक्कल करतो.

म्हणून दर्जाचा प्रश्न खरा आहे, पण तो ‘स्वस्त की महाग’ याने सुटत नाही. तो तपासणीने सुटतो.

मनालाही गुण लागतो

१९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. वारंवार डोके दुखणाऱ्या ८३५ स्त्रियांचे चार गट केले. काहींना नावाजलेल्या ब्रँडच्या वेष्टनात अ‍ॅस्पिरिन, काहींना साध्या वेष्टनात अ‍ॅस्पिरिन. काहींना ब्रँडच्या वेष्टनात औषध नसलेली गोळी, तर काहींना साध्या वेष्टनात तशीच. अ‍ॅस्पिरिनने अर्थातच जास्त आराम पडला. पण ब्रँडच्या वेष्टनातून आलेल्या गोळीने, आत औषध असो वा नसो, साध्या वेष्टनातल्या गोळीपेक्षा अधिक बरे वाटले.

याची उलट बाजूही असते. ‘या गोळीने गुण येणार नाही’ असे मनात पक्के असेल तर खरोखरच बरे वाटत नाही, कधी डोके गरगरते, कधी मळमळते. ‘सरकारी गोळी गरम पडते’ असे सांगणारी मावशी खोटे बोलत नसते. तिला तसे खरेच वाटते. डोकेदुखीत हे चालून जाईल, पण रक्तदाब मनाच्या समजुतीवर उतरत नाही. तो यंत्राने मोजावा लागतो, आणि मोजला की कळते.

गोळीचा रंग-आकार बदलणे हीसुद्धा साधी बाब नाही. अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांवर झालेल्या, २०१४ मधील अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषध सोडण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी, तर आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आमच्या रुग्णालयात दर निविदेबरोबर गोळीचे रूप बदलते. कधी पांढरी गोल, कधी पिवळी लांबट. ‘रूप बदलले, औषध तेच आहे’ हे वाक्य खिडकीवर कोणी सांगत नाही. रांगच तेवढी मोठी असते.

घोडे कुठे अडते?

औषध जेनेरिक नावाने लिहावे, हा डॉक्टरांसाठीचा नियम २०१६ पासून स्पष्ट आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये तो अधिक कडक केला, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. दर्जाची खात्री नसताना नावे काढली तर निवड डॉक्टरांकडून दुकानदाराकडे जाईल, असा संघटनांचा मुद्दा होता. त्यात तथ्य आहे. कारण दुकानदार ज्यावर जास्त नफा तेच देईल. ‘ट्रेड जेनेरिक’ नावाने काही औषधे कंपनीकडून दुकानदाराला अगदी कमी भावात मिळतात, पण त्यांच्यावर छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असते. रुग्णाने ‘जेनेरिक द्या’ म्हटले, त्याला जेनेरिक मिळाले, पैसे मात्र वाचले नाहीत.

दुसरीकडे, चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर शेड्यूल एचमधील औषध बदलून देण्याची मुभा कायदा दुकानदाराला देत नाही. म्हणजे चावी शेवटी डॉक्टरच्या पेनातच राहते. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची केंद्रे आता देशभरात पंधरा हजारांच्या वर गेली आहेत, यादीत दोन हजारांहून अधिक औषधे आहेत आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पाठवली जाते. पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर त्या केंद्रात जाऊनही रुग्ण गोंधळतो. शिवाय लिहिलेली सगळी औषधे तेथे प्रत्येक वेळी असतातच असे नाही.

माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी सरकारने प्रत्येक औषधाचा तपासणी अहवाल बॅच क्रमांकासह कोणालाही पाहता येईल असा खुला करावा, मग डॉक्टरांवर सक्ती करावी. विश्वास ठेवा असे सांगून तो बसत नाही, कागद दाखवून बसतो.

आपण काय करावे?

तोवर वाचकांच्या हातात काही गोष्टी नक्की आहेत.

डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा. यात संकोच करण्यासारखे काही नाही. आम्हालाही त्याची आठवण लागते.

स्ट्रिपवर मूळ नाव, मिलिग्रॅम आणि ‘एसआर’, ‘एक्सएल’ यांसारखी अक्षरे जुळतात का ते पाहा. ही अक्षरे हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची असतात, ती बदलून चालत नाहीत. छापील किमतीही ताडून पाहा. ‘जनऔषधी सुगम’ आणि ‘फार्मा सही दाम’ ही सरकारी अ‍ॅप त्यासाठी उपयोगी आहेत.

औषध कुठूनही घ्या, बिल घ्या. बिलावर बॅच क्रमांक असेल तर पुढे तक्रार करणे सोपे जाते.

काही औषधांत मात्र रक्तातील थोडाफार फरकही महागात पडतो. फिट्सची फेनिटॉइनसारखी औषधे, थायरॉइडचे थायरॉक्सिन, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, किडनी प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस ही त्यांतली. यांत एका कंपनीचे औषध लागू पडले की तेच चालू ठेवा, आणि बदलावे लागलेच तर डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घ्या. हे महागाकडून स्वस्ताकडे जाताना जितके खरे, तितकेच स्वस्ताकडून महागाकडे जाताना.

बीपी आणि शुगरच्या रुग्णांनी गोळी बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मोजून घ्यावे. आकडा काबूत असेल तर गोळी काम करते आहे. नसेल तर डॉक्टरांकडे या, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्या रिक्षाचालकांना आम्ही बारा दिवसांनी घरी सोडले. पत्नीच्या हाती एक वही दिली. दर पंधरवड्याला यायचे, समोर बीपी मोजायचे आणि आकडा त्यांनीच लिहायचा. रुग्णालयाच्याच गोळ्या, अ‍ॅम्लोडिपिन आणि जोडीला टेल्मिसार्टन. तिसऱ्या खेपेला वहीत १३६/८४ लिहिताना बाई म्हणाल्या, ‘म्हणजे चांगली होती की हो गोळी.’

चांगली होती. पण उजव्या हाताची पकड अजून आलेली नाही आणि रिक्षा दुसऱ्याला चालवायला दिली आहे. सहा वर्षांत ते आमच्या ओपीडीत निदान तीस वेळा तरी आले असतील. या गोळीत काय आहे, बाहेरच्या गोळीत काय आहे, हे त्यांना सांगायला दोन मिनिटे लागली असती. केसपेपरवर शेवटच्या दोन नोंदी माझ्याच अक्षरातल्या आहेत. मी लिहिले होते, ‘तेच औषध चालू.’